हात कधी धरायचा, कधी सोडायचा: दिव्यांगांच्या घोडेस्वारीत स्वयंसेवकाचं काम

एक स्वार, एक घोडा, घोडा धरणारा एक, दोन्ही बाजूंनी चालणारे दोघे आणि सूचना देणारा प्रशिक्षक. दिव्यांगांच्या उपचारात्मक घोडेस्वारीचं गणित असं असतं. अर्ध्या तासासाठी एका माणसामागे चार माणसं लागतात. ती सगळी पगारी ठेवली तर फी कुणालाच परवडणार नाही. म्हणून हे काम जिथे टिकलं, तिथे ते स्वयंसेवकांच्या पायांवर टिकलं. ब्रिटनमधली 'रायडिंग फॉर द डिसेबल्ड असोसिएशन', म्हणजे सगळ्यांच्या तोंडची आरडीए, १९६९ साली उभी राहिली. आज तिची चारशेहून अधिक केंद्रं आहेत आणि त्यांचा रोजचा गाडा स्वयंसेवकच ओढतात. अमेरिकेत आज पाथ इंटरनॅशनल या नावाने चालणारी संस्थाही त्याच वर्षीची.

हा लेख त्या बाजूने चालणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही लंडनच्या आसपास राहत असाल आणि शनिवारची सकाळ रिकामी असेल, किंवा पुण्यात एखाद्या रायडिंग स्कूलशी बोलून असं काही सुरू करायचा विचार असेल, दोन्हीकडे काम तेच आहे. घोड्याचा अनुभव नसला तरी चालतो. वाळूत तासभर चालता येणं, सांगितलेलं नीट ऐकणं आणि गप्प राहता येणं, एवढं पुरतं. यातली तिसरी गोष्ट दुर्मिळ असते.

घोड्यावर अपंग माणूस, या कल्पनेला जगाच्या नजरेत मान मिळवून दिला तो लिस हार्टेल या डॅनिश बाईने. १९४४ मध्ये, पोटात मूल असताना, तिला पोलिओ झाला. गुडघ्यांखाली पाय लुळे राहिले. घोड्यावर चढायला-उतरायला तिला माणसं लागत. तरी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेत, पुरुषांच्या बरोबरीने उतरून, तिने रौप्यपदक मिळवलं आणि १९५६ मध्ये पुन्हा एकदा. चढवणारे हात दुसऱ्यांचे असले तरी स्वारी तिचीच होती. स्वयंसेवकाने आपली जागा कुठे आहे ते इथूनच समजून घ्यावं.

चालीत आहे काय

घोडा साध्या चालीने चालतो तेव्हा त्याची पाठ तीन दिशांनी हलते: पुढे-मागे, डावी-उजवी आणि थोडी वळत. त्यावर बसलेल्या माणसाची कंबर त्याच पद्धतीने हलते आणि ती हालचाल माणूस स्वतः चालतो तेव्हाच्या कंबरेच्या हालचालीशी खूप मिळतीजुळती असते. ज्या मुलाने आयुष्यात दोन पावलं टाकलेली नाहीत, त्याच्या कंबरेला आणि पाठीला चालणं म्हणजे काय ते इथे कळतं. मागचा प्रत्येक पाय जमिनीला रेटा देतो तसा एक हेलकावा येतो. मिनिटाला असे साधारण शंभर. वीस मिनिटांत दोनेक हजार वेळा शरीराला तोल सावरावा लागतो आणि मुलाला तो व्यायाम वाटतही नाही. शिवाय घोड्याच्या अंगाचं तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास, आपल्यापेक्षा अंशभर जास्त. ताठरलेल्या मांड्यांना ती ऊब मिळते.

याचा सरळ अर्थ असा, की उपचार घोडा करतो आणि स्वाराचं शरीर त्याला उत्तर देतं. बाजूच्या माणसाने मुलाला घट्ट धरून ठेवलं तर ते उत्तर द्यायची वेळच येत नाही. तोल तुम्ही सावरलात तर मुलाने काय सावरायचं? पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

दोन प्रकारांत गल्लत होते, तेवढी टाळा. हिप्पोथेरपीत फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट किंवा स्पीच थेरपिस्ट घोड्याची चाल उपचाराचं साधन म्हणून वापरतात. स्वार घोडा हाकत नाही. उपचारात्मक घोडेस्वारीत प्रशिक्षक प्रत्यक्ष स्वारी शिकवतो, लगाम हातात देतो आणि फायदे त्यातून येतात. दोन्हीकडे स्वयंसेवक लागतात, पण पहिल्यात थेरपिस्टशिवाय पान हलता कामा नये. आणि माथेरानला किंवा पाचगणीच्या टेबललँडवर घोड्यावरून एक चक्कर मारणं हे या दोन्हींत बसत नाही. तिथला घोडा, खोगीर आणि वेग पर्यटकासाठी असतो.

फायद्यांबद्दल डोळे उघडे ठेवा. बहुतेक अभ्यास लहान आहेत. त्यातल्या त्यात भरवशाचा म्हणजे कोलोरॅडोत ६ ते १६ वयाच्या स्वमग्न मुलांवर झालेला आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला. एका गटाने दहा आठवडे घोडेस्वारी केली. दुसऱ्या गटाला घोड्यांविषयी सगळं शिकवलं, पण घोड्याला हात लावू दिला नाही. पहिल्या गटात चिडचिड आणि अतिचंचलता जास्त कमी झाली. सेरेब्रल पाल्सीत (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचाल आणि तोल बिघडतो ती अवस्था) मांड्यांचा ताठरपणा आणि बसण्याचा तोल यांवर परिणाम दिसतो. 'घोड्यावर बसवलं आणि मूल चालायला लागलं' असं कुणी सांगितलं, तर फी भरण्याआधी घरी जाऊन झोप काढावी.

कोणाला बसवू नये

हे ठरवणं स्वयंसेवकाचं काम नाही, पण माहीत असणं त्याचं काम आहे. कारण नवं लक्षण पहिल्यांदा त्याच्याच नजरेस पडतं. डॉक्टरांचं लेखी पत्र नसेल तर कोणीही घोड्यावर चढत नाही, मग पालक कितीही दुरून आलेले असोत.

डाउन सिंड्रोम असलेल्यांच्या मानेतल्या पहिल्या दोन मणक्यांचा सांधा सैल असू शकतो. त्याची तपासणी हवी आणि मज्जासंस्थेच्या लक्षणांसाठी दरवर्षी पुन्हा. चालण्यात अचानक फरक, हातांतली शक्ती कमी होणं, लघवीवरचा ताबा जाणं, मान दुखणं यातलं काहीही दिसलं तर स्वारी त्याच दिवशी बंद. आटोक्यात नसलेली फिट, निखळलेलं खुब्याचं हाड, ठिसूळ हाडं, हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार), पाठीचा मोठा बाक, बैठकीवर उघडी जखम, मान अजिबात न धरणं, घोड्याच्या केसांची तीव्र ॲलर्जी: या अवस्थांत बहुतेक वेळा उत्तर नाही असंच असतं. अशांसाठी पागेत करण्यासारखं पुष्कळ आहे. खुर्चीतून खरारा करता येतो, म्हणजे घोड्याचं अंग घासता येतं, चारा देता येतो आणि काही मुलांना तेच जास्त आवडतं.

वजनाचा प्रश्न पालकांना बोचतो, म्हणून तो पहिल्या भेटीतच काढावा. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या १५ ते २० टक्क्यांपलीकडे जाऊ नये. ३५० किलोच्या घोड्यावर १५ टक्क्यांनी ५२ किलो होतात. स्वाराला तोल नसेल तर त्याचं वजन घोड्याला जास्त जाणवतं, म्हणून खालचाच आकडा धरावा. चौदा वर्षांचा मुलगा दोन वर्षांत या आकड्यापलीकडे जातो. हे आधी सांगितलेलं बरं, नाहीतर एका सकाळी गेटवर सांगावं लागतं.

घोडा कसला

आपल्याकडच्या रायडिंग स्कूलांत रेसकोर्सवरून निवृत्त झालेले थरोब्रेड पुष्कळ असतात. दिसायला देखणे, उंच आणि स्वभावाने तापट. अपवाद असतात, पण या कामासाठी सुरुवात तिथून करू नये. उंची १३ ते १४ हात, म्हणजे खांद्याच्या उंचवट्यापाशी साधारण १३२ ते १४२ सेंटिमीटर, हवी. कारण अगदी व्यावहारिक आहे: सव्वापाच फुटी माणसाला चालता चालता स्वाराच्या मांडीवर हात ठेवायचा असतो. घोडा उंच असला की हात खांद्यावर जातो, दहा मिनिटांत भरून येतो आणि मग त्या हाताचा स्वाराला उपयोग नाही, ओझंच.

धनगरांच्या वाड्याबरोबर फिरणारं भीमथडी तट्टू उंचीला नेमकं बसतं आणि माणसांच्या, मेंढरांच्या, कुत्र्यांच्या गलक्यात ते वाढलेलं असतं. पण जात पाहून घोडा निवडू नका. त्याच्या पाठीवर वेडंवाकडं वजन टाकून, कानाशी चेंडू आपटून, व्हीलचेअर पुढून-मागून फिरवून, छत्री उघडून पाहा. घोडा दचकला तरी चालेल, जागच्या जागी दचकला पाहिजे. मांड्या ताठ असलेल्या मुलासाठी घोडा अरुंद पाठीचा हवा. रुंद पाठीवर पाय एकदम फाकतात आणि ताठरपणा वाढतो. ज्याचं अंग सैल आहे, त्याला रुंद पाठ आधार देते.

घोड्याची ग्लँडर्सची तपासणी झालेली हवी. हा रोग माणसालाही होतो. कागद मागायला संकोचू नका. आणि कामाचे तास: अमेरिकेत लागोपाठ तीन आणि दिवसाचे सहा तास ही कमाल मर्यादा मानतात. माझ्या मते महाराष्ट्राच्या उन्हात तीही जास्त आहे. सकाळी दोन-तीन स्वार झाले की घोड्याला सोडावं. कान मागे पडणं, शेपटीचे फटके, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) कसताना चावायला वळणं, चढवायच्या जागी यायला नकार देणं ही त्याची तक्रार असते. घोड्याची निगा राखणारा मोतद्दार 'खोडी करतोय' म्हणेल. त्याला मान द्यावा, पण पाठ दाबून पाहावी, तंगाखाली हात घालून पाहावा.

सामान

हेल्मेट घोडेस्वारीचंच. दुचाकीचं जड असतं, आणि ज्याची मान आधीच नाजूक आहे त्याच्या डोक्यावर ते चढवणं म्हणजे उलटा उपद्व्याप. क्रिकेटचंही चालत नाही. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट दिसायला धड असलं तरी बाद.

रिकिबी, म्हणजे पाय ठेवायच्या कड्या, अशा हव्यात की स्वार पडला तर पाय अडकणार नाही: एका बाजूला रबराची पट्टी सुटणाऱ्या किंवा पुढून बंद टोपीच्या. काहींना रिकिबीच नकोत. सेरेब्रल पाल्सीत तळव्याच्या पुढच्या भागावर दाब आला की पाय थरथरतो किंवा ताठ होतो, तिथे पाय मोकळे सोडलेले बरे. 'टाच खाली' म्हणून ते पाऊल कधीही दाबू नका.

घोड्याच्या गळ्यात एक पट्टा असावा, स्वाराला धरायला. नाहीतर तो तोल गेला की लगाम ओढतो आणि घोड्याच्या तोंडाला त्रास होतो. लीडरचा, म्हणजे घोडा धरून चालणाऱ्याचा, दोर म्होरकीला (तोंडावरच्या पट्ट्यांना) बांधायचा, तोंडातल्या कडीला नाही. खाली संवेदना नसलेल्या स्वारासाठी जाड मऊ गादी हवी आणि विजारीची शिवण बैठकीखाली येता कामा नये. उतरल्यावर पालकांनी त्वचा लाल झाली आहे का ते पाहायचं. त्याला दुखणारच नाही, म्हणून तो सांगणारही नाही. आणि स्वाराला खोगिराला बांधायचं नाही, कुठल्याही कारणाने, कुणीही सांगितलं तरी. घोडा पडला तर तो खाली सापडेल.

तुमची तयारी

बंद बूट, अंगाबरोबर बसणारे कपडे, ओढणी-मंगळसूत्र-लोंबते कानातले घरी. अत्तर नको, स्वमग्न मुलांना आणि घोड्यांना, दोघांनाही ते सोसत नाही. धनुर्वाताची लस घेतलेली असावी, पागेत हे टाळण्यासारखं नाही. घोड्याच्या मागून आणि साहेबाच्या पुढून जाऊ नये, ही म्हण पागेत अक्षरशः पाळायची: थेट मागे आणि अगदी नाकासमोर घोड्याला दिसत नाही, म्हणून खांद्याच्या बाजूने, बोलत जायचं. ब्रिटनमध्ये मुलांबरोबर काम करण्याआधी पोलिसी नोंदींची तपासणी होते. आपल्याकडेही केंद्राने ओळखपत्र आणि दोन माणसांची शिफारस मागावी, आणि कोणीही एकटं मुलासोबत पागेत राहू नये.

मुलांबरोबर सुरुवात करण्याआधी एक सराव जरूर करा. एका स्वयंसेवकाने डोळे मिटून घोड्यावर बसायचं आणि दोघांनी त्याला धरून चालायचं. एकाने हलका हात ठेवायचा, दुसऱ्याने जोरात दाबायचं. वर बसलेल्याला दहा पावलांत कळतं की दाबणाऱ्याच्या बाजूला आपण कलतो आहोत. मग दोघांनी हात काढायचे. पहिल्या क्षणी भीती वाटते आणि मग पाठ आपोआप सरळ होते. व्याख्यानाने जे तासाभरात समजत नाही ते इथे पाच मिनिटांत समजतं.

लीडर: घोडा त्याचा, स्वार त्याचा नाही

लीडर घोड्याच्या डाव्या बाजूला, डोकं आणि खांदा यांच्या मधोमध चालतो. उजव्या हातात म्होरकीपासून वीतभर अंतरावर दोर, उरलेला दोर आठच्या आकड्यासारखा घडी करून डाव्या हातात. हाताला वेढे कधीच नाहीत. घोडा उधळला तर वेढा बोटं घेऊन जातो. नजर पुढे.

लीडरने मागे वळून स्वाराकडे पाहायचं नाही. मन तिकडे ओढतं, पण त्या क्षणी घोड्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. घोड्याला ओढत नेऊ नये. आपण सरळ आणि समान गतीने चालावं, तो येतो. वळणं मोठी घ्यावीत. थांबायच्या आधी 'थांबतोय' असं हळू आवाजात सांगावं, म्हणजे बाजूचे सावध होतात. आणि जिथे स्वाराने लगाम हाती घेतला आहे, तिथे दोर ढिला. मुलाने लगाम ओढून घोडा थांबवला, की तो मुलाने थांबवलेला असला पाहिजे. लीडर अर्धा सेकंद आधी थांबला तर मुलाच्या हाती काहीच लागत नाही, आणि मुलांना हे बरोब्बर कळतं.

बाजूने चालणाऱ्यांचे हात

साइड-वॉकरची जागा स्वाराच्या गुडघ्यापाशी. फार मागे राहिलात तर पडणारा माणूस हाती लागत नाही. पुढे गेलात तर लीडरच्या पायात येता. धरण्याच्या तीन-चार पद्धती असतात, कोणती ते प्रशिक्षक ठरवतो.

मांडीवरून: घोड्याकडचा हात स्वाराच्या मांडीवर आडवा ठेवून बोटांनी खोगिराची कड धरायची. सगळ्यांत जास्त आधार इथे मिळतो. कोपर घोड्याच्या अंगात खुपसू नका, नाहीतर घोडा त्याला 'पुढे चल' असा इशारा समजतो. घोट्यापाशी: पावलावर किंवा घोट्यावर हलका हात, ज्यांचा पाय सारखा मागे-पुढे झुलतो त्यांच्यासाठी. कंबरपट्ट्याला: स्वाराच्या कमरेला बांधलेल्या पट्ट्याच्या मुठीत बोटं नुसती ठेवायची. याच पद्धतीत सर्वांत जास्त गडबड होते. चालणारा माणूस दमतो, नकळत पट्ट्यावर लोंबतो आणि स्वाराला आपल्याकडे ओढतो. शेवटची पद्धत म्हणजे काहीच न धरता, हात तयार ठेवून चालणं. दिसायला सोपी, करायला सर्वांत अवघड.

दोघांचा दाब सारखा असावा. एकाने हात बदलायचा असेल तर घोडा थांबवून, दुसऱ्याला सांगून, एका वेळी एकानेच. स्वार एका बाजूला सरकला तर त्याला वर ढकलू नका. 'उजव्या हाताने माझ्या टोपीला लाव बघू' असं प्रशिक्षक म्हणेल. मूल हात लांब करेल आणि स्वतःच मध्यावर येईल. तेही झालं नाही तर घोडा थांबवून सरळ बसवायचं, चालत्या घोड्यावर नाही.

हात कधी सोडायचा? प्रशिक्षक सांगेल तेव्हा. पण सांगण्याजोगं काय ते तुम्हीच त्याला पुरवता. तुमच्या हाताखालची मांडी आधी ताठ होती, चौथ्या फेरीनंतर सैल झाली, हे मैदानाच्या मध्यातून दिसत नाही. ते थांबल्यावर सांगा. मग मांडीवरून घोट्यापाशी, घोट्यावरून मोकळं, असा प्रवास होतो. एखाद्याला तो एका हंगामात जमतो, एखाद्याला कधीच नाही. पालक कुंपणापाशी उभे राहून 'धरा, धरा!' म्हणतात. त्यांना आधी समजावून सांगावं, नाहीतर त्यांच्या आवाजाने तुमचा हात आपोआप परत जातो.

चढवणं

सगळ्या अर्ध्या तासात जोखमीची जागा हीच. घोड्याच्या तंगापाशी घाई करणारे, व्हीलचेअर, आई, रांगेतलं पुढचं मूल असं सगळं एका जागी जमतं. चढवायच्या जागेजवळ फक्त कामाची माणसं असावीत.

उतरंड असलेला रॅम्प आणि पलीकडे एक ठोकळा, मध्ये घोडा बसेल एवढी वाट. घोडा आत येण्याआधी तंग पाहायचा, रॅम्पवर एकदा आणि पहिल्या फेरीनंतर पुन्हा. लीडर इथे बाजूला न चालता घोड्याच्या समोर, जरा एका अंगाला, त्याच्याकडे तोंड करून उभा राहतो. ठोकळ्यावरचा साइड-वॉकर पलीकडून स्वाराचा पाय घ्यायला तयार असतो.

ज्याला उभं राहता येतं त्याने डावा पाय रिकिबीत घालून, उजवा घोड्याच्या पुठ्ठ्यावरून नेऊन हळू बसायचं, धपकन नाही. ज्याच्या मांड्या ताठ आहेत त्याला आधी खोगिरावर आडवं, खुर्चीवर बसल्यासारखं बसवायचं, पाठीला आधार द्यायचा आणि मग उजवा पाय गुडघ्यात वाकवून घोड्याच्या मानेवरून पलीकडे न्यायचा. पाय ओढायचा नाही. ताठ स्नायू ओढला की आणखी आवळतो. दहा-पंधरा सेकंद हाताखाली धरून ठेवला की सुटतो. मागे रांग वाढत असली तरी ते सेकंद द्यायचे. आणि व्हीलचेअरचे ब्रेक. प्रत्येक वेळी, तोंडाने 'ब्रेक लावला' असं म्हणून.

ती वीस मिनिटं

पहिल्या दोन फेऱ्या काहीच करायचं नाही, नुसतं चालायचं. मुलाची कंबर घोड्याच्या लयीत यायला तेवढा वेळ लागतो. मग कामाला लावणारी गोष्ट म्हणजे चाल-थांब-चाल. थांबताना धड पुढे जातं, निघताना मागे, आणि पोटाचे-पाठीचे स्नायू दोन्ही वेळा कामाला लागतात. दुडकीची हौस पालकांना असते. साध्या चालीतली दहा चांगली थांबणी तिच्यापेक्षा कितीतरी मोलाची.

त्यानंतर वळणं: शंकूंमधून नागमोडी, इंग्रजी आठ, दोन्ही दिशांनी सारखं. खांबावरची कडी काढून दुसऱ्या खांबावर घालणं, डाव्या हाताने उजवीकडची वस्तू घेणं. थोडा चढ-उतार मिळाला तर उत्तम. उलटं तोंड करून बसवणं वगैरे प्रकार थेरपिस्टसाठी सोडावेत. मूल दमल्याची खूण म्हणजे ते पुन्हा वाकायला लागतं, डोकं एका बाजूला जातं, लाळ वाढते. घड्याळात पाच मिनिटं शिल्लक असली तरी तिथे थांबावं.

आपल्याकडे वेळ सकाळी सातची. मे महिन्यात नऊनंतर वाळू तापते. पावसाळ्यात निचरा नसलेलं मैदान असेल तर महिनाभर स्वारी नाही, तबेल्यातलं काम.

बोलणं

एकच माणूस सूचना देतो: प्रशिक्षक. तो 'लगाम उचल' म्हणाला की डावीकडची ताई 'अरे उचल ना', उजवीकडचा काका 'हां, असा, असा', आणि कुंपणावरून आई. चार आवाजांत मूल गोठतं. सूचना झाली की मनात दहा आकडे मोजा. तेवढ्यात उत्तर येतं, बहुतेकदा सातव्या-आठव्या आकड्याला. नाही आलं तर प्रशिक्षक पुन्हा सांगेल, त्याच शब्दांत.

दोघा साइड-वॉकरांनी स्वाराच्या डोक्यावरून गप्पा मारू नयेत. मोठ्या वयाच्या स्वाराशी लाडे लाडे बोलू नये. चाळिशीच्या माणसाला 'शाब्बास राजा' म्हटलेलं त्याला आवडत नाही आणि तो ते चेहऱ्यावर दाखवतो. दृष्टी नसलेल्याला आधी सांगून हात लावायचा आणि वळण, उंचवटा, दुसरा घोडा जवळ आल्याचं सांगत राहायचं. ऐकू न येणाऱ्याशी खुणा चढण्याआधी ठरवायच्या, कारण घोड्यावर तो तुमच्याकडे पाहायला वळला की तोल जातो. पाठीला हात लावून 'थांब' ही खूण ठरवलेली सोयीची.

काही घडलं तर

कुठल्याही घोड्याचं बिनसलं की मैदानातले सगळे घोडे जागच्या जागी थांबतात आणि लीडर आपापल्या घोड्यासमोर येतात. साइड-वॉकरांनी दोन्ही बाजूंनी मांडीवरून घट्ट धरायचं आणि घोड्याबरोबर सरकायचं. बहुतेक वेळा एवढ्यात निभावतं.

फिट आली, किंवा घोडा शांत होत नाही, तर तातडीने उतरवायचं. प्रशिक्षक ओरडून सांगतो. उजवीकडचा स्वाराचा पाय रिकिबीतून सोडवून पलीकडे ढकलतो. डावीकडचा त्याच वेळी डावा पाय मोकळा करून, कंबरेला मिठी घालून स्वाराला आपल्याकडे घेतो आणि घोड्यापासून दूर होतो. लीडर घोड्याचं डोकं त्याच डाव्या बाजूला वळवतो, म्हणजे मागचे पाय स्वारापासून उजवीकडे जातात. लीडरने घोडा सोडून मदतीला धावायचं नाही. याचा सराव दर महिन्याला, घोडा उभा असताना, वर स्वयंसेवक बसवून करायचा. कागदावर वाचून हे कधीच जमत नाही. पडलेल्याला उठवू नका, हेल्मेट काढू नका. प्रथमोपचार शिकलेला माणूस येईपर्यंत त्याच्याशी बोलत राहा.

उतरणं आणि नंतर

दोन्ही पाय आधी रिकिबीतून बाहेर. एक जरी आत राहिला तरी थांबायचं. मग उजवा पाय पुठ्ठ्यावरून, पोट खोगिराला लावून, कंबरेला दोघांचा आधार आणि हळू घसरत जमिनीवर. पाय टेकले की लगेच चालायला लावू नका. वीस मिनिटांनी मांड्या सैल झालेल्या असतात आणि गुडघे दुमडतात. मिनिटभर घोड्याला टेकून उभं राहू द्यावं. काहींना तेवढंच आठवड्यातलं आधाराने उभं राहणं असतं. शक्य असेल तर घोड्याला गाजर देणं, खरारा करणं हे मुलानेच करावं.

घोडा पागेत गेल्यावर वही. तारीख, घोडा, कोण कुठल्या बाजूला, धरण्याची पद्धत, किती वेळ हात मोकळे होते, काय बदल दिसला. 'छान झालं' ही नोंद नव्हे. 'डावा हात आज आपणहून आयाळीला गेला, दोनदा' ही नोंद. तीन महिन्यांनी थेरपिस्ट ती चाळते तेव्हा पुढचं ठरतं.

सुरू कुठून करायचं

ब्रिटनमध्ये असाल तर जवळच्या आरडीए केंद्राला लिहा. प्रशिक्षण ते देतात. महाराष्ट्रात अशी केंद्रं मोजकी, म्हणून बहुतेकांना एखाद्या चालू रायडिंग स्कूलच्या दारातूनच आत जावं लागेल. मालकाला पूर्ण प्रकल्प नका सांगू. आठवड्यातली एक सकाळ, एक म्हातारा शांत घोडा आणि मैदानाचा एक कोपरा मागा. या क्षेत्रात शिकलेला प्रशिक्षक मिळेपर्यंत स्वार वर बसवू नका; तोवर खरारा आणि घोडा हाती धरून चालवणं यावर भागवा, मुलांना तेही पुष्कळ होतं. लहान मुलांच्या पुनर्वसनात काम केलेला फिजिओथेरपिस्ट पहिल्या दिवसापासून बरोबर हवा आणि विमा कोणाच्या नावे, ते लेखी हवं.

दुसऱ्या कुणाच्या केंद्रात मूल न्यायचं असेल तर जाऊन एक सत्र नुसतं पाहा. डॉक्टरांचं पत्र मागतात का, चढवताना किती माणसं भोवती आहेत, घोड्याचे कान कुठे आहेत, साइड-वॉकर फोनवर बोलतो का, तातडीने उतरवण्याचा सराव शेवटचा कधी केला. शेवटच्या प्रश्नावर एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं गेलं तर उत्तर मिळालं.

आणि एका स्वारासाठी तीन स्वयंसेवक लागत असतील तर यादीत सहा ठेवा. परीक्षा, लग्नसराई आणि गणपती यांत निम्मे गळतात, आणि तिसरा माणूस आला नाही म्हणून त्या दिवशी घोडा बाहेर काढायचा नाही हा निर्णय कोणी घ्यायचा, ते आधीच ठरलेलं असू द्या.